लाकडातल्या भोकांना आतून पॉलिश कसं करायचं

पेनस्टँड, चाव्यांची पट्टी, पेचकसांचा ठोकळा, टूथब्रशचा स्टँड. घरी सुतारकाम शिकायला घेतलं की पहिल्या दोन-चार महिन्यांत यातलं काहीतरी होतंच, आणि या सगळ्यांत भोकं असतात. बाहेरून पॉलिश छान बसतं. आत डोकावलं तर एक तर कोरडंठक्क लाकूड दिसतं, नाहीतर तळाशी साचलेला, पंधरा दिवस झाले तरी बोटाला चिकटणारा थर.

कोरडं राहिलं तर तो कंटाळा. तळाशी साचलं तर मात्र पद्धत चुकली. भोकात पॉलिश घालायला काहीच कौशल्य लागत नाही, कौशल्य लागतं ते जास्तीचं बाहेर काढायला. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी ठरवा: आत पॉलिश हवंय का?

डॉवेल किंवा खुंटी फेविकॉल लावून बसवायची असेल त्या भोकात पॉलिशचा थेंबही जाता कामा नये. फेविकॉल लाकडात मुरून धरतो. मध्ये पॉलिशचा पडदा आला की जोड वरवरचा राहतो आणि सहा महिन्यांत हलायला लागतो. अशी भोकं बाहेरचं पॉलिश करण्याआधी कागदाचा बोळा घट्ट कोंबून बंद करा. स्क्रूच्या भोकांना काही करायची गरज नाही. अगरबत्तीच्या २-३ मिमी भोकांनाही नको. तिथे निखारा अगदी जवळ येतो, राख पडते, आणि आतलं कुणाला दिसत नाही.

जिथे पाणी जाणार (टूथब्रश, ओले चमचे, फुलदाणी) तिथे आतून पॉलिश हवंच. जिथे कोरड्या वस्तू राहणार तिथे निदान दोन पातळ हात द्यावेत. सोलापुरात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, आणि पावसाळ्यात ते पुन्हा फुगतं. बाहेरून बंद आणि भोकात उघडं असं लाकूड ओल घेतं-सोडतं ते सगळं भोकातूनच. म्हणून पहिली बारीक चीर बहुतेकदा भोकाच्या कडेलाच पडलेली दिसते.

भोकाच्या आत लाकूड कसं असतं

फळीच्या सपाट बाजूवर भोक पाडलं की आतली भिंत सगळीकडे सारखी नसते. दोन बाजूंना लाकडाचे रेशे भिंतीला समांतर धावतात आणि उरलेल्या दोन बाजूंना ते भिंतीशी येऊन कापले गेलेले असतात. कापलेल्या रेशांची तोंडं म्हणजे बारीक नळ्याच. त्या पॉलिश ओढून घेतात. त्यामुळे एकाच भोकात समोरासमोरचे दोन पट्टे चकाकतात आणि मधले दोन पट्टे पहिल्या हातानंतरही कोरडे, काळसर दिसतात. तुमचा हात चुकलेला नाही, पट्टे तहानलेले आहेत. त्यांना दुसरा हात द्या. पहिलाच हात जाड देऊन ती तहान भागत नाही.

बाभळीच्या किंवा लिंबाच्या ओंडक्याचा तुकडा उभा ठेवून त्यात वरून भोक पाडलं असेल तर प्रकार उलटा. भिंती कमी पितात आणि तळ सगळ्यात जास्त पितो, कारण कापलेले रेशे तळाशी आहेत.

आकडे एकदा डोळ्यांसमोर घ्या. २०० × ७५ × ७५ मिमीचा सागवानी ठोकळा, त्यात १२ मिमी व्यासाची आणि ६० मिमी खोल १२ भोकं. एका भोकाची भिंत आणि तळ मिळून जवळपास २४ चौ. सेमी, म्हणजे बारा भोकांची २८५. ठोकळ्याच्या सहाही बाजू मिळून भरतात सुमारे ७१२ चौ. सेमी. म्हणजे बाहेर जेवढं काम, त्याच्या दोन पंचमांश आत. ‘आतलं काय, दोन मिनिटांत होईल’ हे डोक्यातून काढून टाका.

भोक आधी नीट पाडा

खराब भोकाला चांगलं पॉलिश लागत नाही. बोथट बिट लाकूड कापण्याऐवजी घासतं, भिंत तापून तपकिरी होते आणि त्या भाजलेल्या, गुळगुळीत भागावर पॉलिश मुरत नाही, नुसतं घसरतं. मधोमध टोक असलेलं, लाकडासाठीचं बिट घ्या. लोखंडात भोकं पाडायचं बिट लाकडात फाटे काढतं. दर १५ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. आरपार भोक असेल तर खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरा, म्हणजे पलीकडच्या तोंडाला ढलपा उडणार नाही.

भोक पाडताना पॉलिशची जाडी हिशेबात धरायला विसरू नका. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात दिले की व्यास साधारण ०.२ मिमीने कमी होतो, आणि तळाकडे थोडा जास्तच. साधं जेल पेन १०-११ मिमी जाड असतं, त्याला १२ चं भोक पुरतं. पण काचनळी अगदी मापात बसवायची असेल तर अर्धा मिमी मोकळीक ठेवा, नाहीतर पॉलिशनंतर नळी अडकते आणि ओढताना फुटते.

आता घासणं. ८ किंवा ९ मिमीची लाकडी दांडी घ्या, तिच्या टोकाला करवतीने ३० मिमी लांब फट पाडा, फटीत १२० नंबरच्या काचकागदाची पट्टी अडकवून दांडीभोवती दोन वेढे द्या. हाताने फिरवली तरी चालते, ड्रिलला लावली तर अगदी कमी वेगात. १२० नंतर १८० पुरे. २४० पर्यंत जाऊ नका. भिंत फार गुळगुळीत झाली की पहिला हात धरत नाही. दांडी तिरकी झाली तर भोकाचं तोंड कर्ण्यासारखं पसरट होतं, म्हणून सरळ धरा आणि एका भोकाला दहा-बारा फेऱ्यांवर जाऊ नका.

यानंतरची पायरी बहुतेक नवशिके गाळतात: तोंडाच्या कडेची धार मोडणं. काउंटरसिंक बिट (भोकाचं तोंड तिरकं कापणारं) हाताने दोन वेळा फिरवा, किंवा काचकागदाची सुरळी करून कडेला फिरवा. अर्धा ते एक मिमी पुरे. धारदार कडेवर कुठलंही पातळ पॉलिश टिकत नाही. ओलं असतानाच ते कडेपासून दोन्हीकडे मागे सरतं आणि कड उघडी पडते. मग पेन आत-बाहेर होताना सगळ्यात आधी तिथलंच निघतं.

शेवटी भुसा. तोंडाने फुंकू नका, भुसा डोळ्यांत जातो आणि थुंकी भोकात. सायकलचा हवा भरायचा पंप उत्तम. नळी तळापर्यंत घालून चार-पाच झटके द्या. ठोकळा उलटा करून ठोका, पुन्हा पंप मारा.

कोणतं पॉलिश घ्यायचं

नवशिक्याने कोरड्या वस्तूंसाठी लाखेचं पॉलिश घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लाखेची चपडी पॉलिशच्या दुकानात सुटी मिळते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. २५ ग्रॅम चपडी थोडी कुटून १०० मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत घाला. झाकण प्लास्टिकचं हवं, लोखंडी झाकणाने लाख काळवंडते. अधूनमधून हलवत रात्रभर ठेवा आणि सकाळी धोतराच्या कापडातून गाळून घ्या. भोकांसाठी हे अर्धं करा: ५० मिली पॉलिश आणि ५० मिली स्पिरिट. वरच्या ठोकळ्याला बोळ्यात मुरणारं धरून पहिल्या हाताला ३० मिली पुरतं, दुसऱ्याला त्याच्या निम्मं.

लाखेची गंमत अशी की दुसरा हात पहिल्याला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. दोन हातांमध्ये घासायची गरज नाही, आणि बिघडलं तर स्पिरिटचा बोळा फिरवून सगळं पुसून पुन्हा सुरुवात करता येते. भोकाच्या आत घासायला जागाच नसते, तिथे याचं मोल कळतं. उणीव दोन: पाणी साचलं की लाख पांढरी पडते आणि गरम वस्तूने मऊ होते. शिवाय भिजवलेली लाख सहा महिन्यांपलीकडे वापरू नका. शंका आली तर एक थेंब काचेवर टाका. तासाभरात नखाला कडक लागला नाही तर बाटली बाद.

पाण्याशी संबंध येणार असेल तर पीयू. एकाच डब्यातलं, टर्पेंटाइनने पातळ होणारं घ्या. पहिल्या हाताला ३० टक्के टर्पेंटाइन, पुढच्या दोन हातांना १० टक्के. हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू जास्त कणखर असतं खरं, पण त्याचा हार्डनर श्वासाला घातक आहे आणि मिसळलेलं पॉलिश काही तासांत घट्ट होतं. घरातल्या गॅलरीत बसून करायचं ते काम नव्हे.

सागवानाला पीयू लावण्याआधी थिनरचा बोळा भोकातून फिरवून घ्या. सागवानात अंगचं तेल असतं, त्यामुळे पीयू आणि अळशीचं तेल दोन्ही उशिरा वाळतात. शिसवात हा त्रास आणखी; तिथे अळशीच्या तेलाच्या नादी न लागता लाखच बरी.

घरातलं तेल चोळलं तर? हा प्रश्न हमखास येतो. शेंगदाणा तेल वाळतच नाही. लाकडात राहतं, खवट होतं आणि धूळ धरतं. करडईचं तेल वाळतं, पण फार सावकाश, आणि भोकात तर त्याहून सावकाश. अळशीचं कच्चं तेलही तसंच. ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारं अळशीचं तेल बाहेर एक-दोन दिवसांत सुकतं, भोकाच्या आत आठवडा धरा.

एमडीएफच्या (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेल्या फळीच्या) भोकाला वेगळा उपाय लागतो. त्याची भिंत टीपकागदासारखी पिते आणि केसाळ होते. आधी एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण आतून लावा, वाळू द्या, १८० ने हलकं घासा आणि मग पॉलिश.

बोळे तयार करा

आपल्या सोलापुरात टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नाही, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडून किलोवर मिळतात. पण या कामाला त्या वापरू नका. टेरी टॉवेलचे फासे भोकाच्या कडेला अडकतात, निघतात आणि पॉलिशमध्ये चिकटून बसतात. मशीन पुसायला विकतात ते सुताचं वेस्टही तसंच. हवं ते जुनं, शंभर वेळा धुतलेलं बनियन किंवा धोतर.

बांबूची ३ मिमी काडी घ्या. कापडाची १५ मिमी रुंद पट्टी तिच्या टोकाला घट्ट गुंडाळा, शेवटचा वेढा काडीच्या टोकावरून घ्या म्हणजे तळाला काडी टोचणार नाही, आणि वर दोऱ्याने बांधा. बोळ्याची जाडी भोकापेक्षा २ मिमी कमी हवी: १२ च्या भोकाला १० चा बोळा. घट्ट बोळा तोंडाशीच पिळला जातो आणि सगळं पॉलिश कडेला ओघळतं. फार सैल असला तर एका बाजूलाच लागतो.

प्रत्येक मापाचे दोन करा, एक ओला आणि एक कोरडा. ओला उजव्या हाताशी, कोरडा डाव्या. कोरडे बोळे जास्तच करून ठेवा, बारा भोकांत चार-पाच तरी भिजून वाया जातात.

३ ते ५ मिमीच्या भोकांना स्टेशनरीच्या दुकानातले पाइप क्लीनर चालतात. देवघरातल्या समईच्या लांब वाती पाच-सहा काढून ठेवा, त्यांचं काम पुढे येतं. एक लहान टॉर्च आणि नायट्राइलचे हातमोजे.

बंद भोक: एकेक पायरी

बाहेरच्या पॉलिशआधी आतलं करायचं. उलट केलं तर प्रत्येक ओघळ तयार पृष्ठभागावर पडतो.

१. ओला बोळा पॉलिशमध्ये बुडवा आणि बाटलीच्या कडेवर दाबून निथळवा. उचलल्यावर थेंब पडत असेल तर अजून दाबा.

२. बोळा सरळ तळापर्यंत न्या, तोंडाला न टेकवता. तळाशी एक फेरी, मग गोल फिरवत सावकाश वर. मळसूत्रासारखं, साधारण सहा फेऱ्यांत तोंडापर्यंत. खालून वर, हे महत्त्वाचं. वरून खाली नेलात तर सगळं तळाशी ढकललं जातं.

३. टॉर्च मारून बघा. कोरडे पट्टे दिसले तर फक्त त्यांच्यावर बोळा पुन्हा फिरवा.

४. लाखेला एक मिनिट, पीयूला तीन ते पाच मिनिटं थांबा. मग कोरडा बोळा तळापर्यंत नेऊन तसाच फिरवत वर आणा. भिंत ओलसर चमकली पाहिजे, ओघळता कामा नये.

५. आता तळ. टॉर्च तिरकी धरली की भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात चमकणारी एक बारीक कडी दिसते. साचलेलं पॉलिश ते. बिटच्या मधल्या टोकाने तळाला पाडलेला खळगाही भरलेला असतो, त्यात टॉर्चचा ठिपका तरंगतो. बोळा तिथे पोचत नाही. समईची वात घ्या, बोटांनी आणखी पीळ द्या, तिचं टोक कोपऱ्याला टेकवा आणि सोडून द्या. तेल चढतं तसंच पॉलिश तिच्यात वर चढतं. अर्धा इंच ओली झाली की काढा आणि कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूला कोरड्या भागाने पुन्हा टेकवा. कडी दिसेनाशी होईपर्यंत हे करायचं. पॉलिश चिकट व्हायला लागल्यावर वात घालू नका, कापूस आतच राहतो.

६. दहा मिनिटांनी ठोकळा उलटा करून दोन पट्ट्यांवर ठेवा, भोकांची तोंडं मोकळी राहतील अशी. स्पिरिट आणि टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. भोक सरळ उभं ठेवलं तर ती विहिरीतल्या पाण्यासारखी आत बसून राहते आणि तळ वाळू देत नाही. उलटं केलं की आपोआप खाली निथळते. पंधरा मिनिटांनी तोंडाशी थेंब आलेत का ते बघून पुसा.

७. पुढचा हात: लाखेला दोन तासांनी, पीयूला २४ तासांनी. डब्यावर लिहिलेली वेळ उघड्या फळीची असते. भोकासाठी ती दुप्पट धरा. पीयूच्या हातांमध्ये काचकागदाची दांडी (आता २२०) हाताने दोन-तीन वेळा फिरवा, पंपाने धूळ काढा.

कोरड्या वस्तूला लाखेचे दोन-तीन हात झाले की थांबा. ओल्या वस्तूला पीयूचे तीन, आणि शेवटच्या हातानंतर पाणी लागण्याआधी किमान दोन आठवडे जाऊ द्या. नाक भोकाशी नेऊन बघा: वास येतोय तोवर पॉलिश पिकलेलं नाही.

अगदी अरुंद भोकं

५ मिमी व्यास, ४० मिमी खोल अशा भोकात जेमतेम ०.८ मिली मावतं. तिथे बोळा चालत नाही. औषधाच्या दुकानातून २ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई घ्या, सुईचं टोक कानशीने घासून बोथट करा. सुई तळाला टेकवून भोक खालून वर भरा; वरून सोडलं तर खाली हवा अडकते आणि तळ कोरडा राहतो. एक मिनिट थांबा आणि त्याच सिरिंजने सगळं परत ओढून घ्या. सिरिंजचा खरा उपयोग हा ओढायचाच आहे. शेवटचा थेंब वातीने.

स्पिरिटमध्ये सिरिंज बऱ्याच वेळा वापरता येते. थिनरमध्ये तिचं रबर फुगून दट्ट्या अडकतो, तेव्हा ती एकदाच वापरायची असं समजून चला.

आरपार भोकं: नाडीची पद्धत

आरपार भोकाला बोळ्याची कटकट नाही. धोतराची २० मिमी रुंद, ६० सेमी लांब पट्टी कापा. नाडी ओवायच्या सुईने ती भोकातून ओवून घ्या. मधला १५ सेमीचा भाग पॉलिशमध्ये भिजवून पिळा, आणि दोन्ही टोकं धरून मागावरच्या धोट्यासारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढा. दर दोन ओढींनंतर पट्टीला थोडा पीळ द्या म्हणजे भिंतीची सगळी बाजू घासली जाते. आठ-दहा ओढी पुरतात. मग कोरडी पट्टी ओवून तेवढ्याच ओढी.

काम वाळत ठेवताना भोकं उभी राहिली पाहिजेत. आडवी राहिली तर पॉलिश खालच्या भिंतीवर उतरून तिथे जाड रेघ बनते. पट्ट्यांवर उचलून ठेवा आणि खालचं तोंड पाचव्या आणि पंधराव्या मिनिटाला बोटावर कापड घेऊन पुसा. हे विसरलं की खालच्या कडेला थेंबांची माळ लागते, आणि वाळल्यावर ती पटाशीने तासावी लागते.

टूथब्रशच्या स्टँडला भोकं बंद ठेवण्यापेक्षा आरपारच करा, किंवा तळाला ६ मिमीचं निचऱ्याचं भोक द्या. साचलेल्या पाण्यापुढे कुठलंच पॉलिश फार काळ टिकत नाही.

स्प्रेच्या डब्याबद्दल एवढंच: बंद भोकात फवारा मारला की आतली हवा त्याला परत ढकलते. तोंडाशी १५-२० मिमी जाड थर बसतो, खाली काहीच पोचत नाही, आणि बाकीचं तुमच्या चष्म्यावर.

सोलापुरातला ऋतू बघून वेळ ठरवा

सर्वांत चांगले दिवस गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या आसपासचे. जानेवारीत हवा कोरडी असते, ऊनही सोसवणारं, आणि पॉलिश पसरायला वेळ मिळतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये स्पिरिट तर बोळा भोकाच्या तळापर्यंत पोचेस्तोवर उडतं. बोळा ओढला जातो आणि भिंतीवर खरबरीत धारा उठतात. काम सकाळी नऊच्या आत उरका आणि लाख आणखी थोडी पातळ करा. लाकूड सकाळच्या गारव्यात लावून मग उन्हात वाळत ठेवायचा मोह होईल. तो टाळा. लाकूड तापलं की त्याच्या नळ्यांतली हवा फुगून ओल्या पॉलिशमधून बुडबुडे काढते, आणि कापलेल्या रेशांच्या पट्ट्यांवर तर टाचणीच्या टोकाएवढ्या फोडांची रांगच उठते. सावलीत ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरा, लाकूड गार होत असताना लावलं तर हवा उलट आत ओढली जाते आणि पॉलिशही सोबत मुरतं. फक्त वाऱ्याची धूळ सांभाळा.

पावसाळी दमट दिवशी लाख लावली की ती दुधाळ होते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. दोन दिवस कोरडे जाऊ द्या, मग स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा एकदा फिरवा; बहुतेक वेळा दूध निघून जातं.

बिघडलं तर

तळ आठवड्यानंतरही चिकट: जाड थराला वरून साय धरली आहे आणि आतलं स्पिरिट किंवा टर्पेंटाइन कोंडलं आहे. वाट बघून फायदा नाही. काडीच्या टोकाने साय फोडा, लाख असेल तर स्पिरिट, पीयू असेल तर थिनरच्या बोळ्याने तळ पुसून काढा, उलटं ठेवून दोन दिवस वाळवा आणि पातळ हात द्या. घाई म्हणून भोकात हेअर ड्रायर किंवा हीट गन घालू नका. आतली वाफ पेट घेते.

पेन घट्ट बसतंय: काचकागदाच्या दांडीने तोंडाकडचे २० मिमी घासा. बहुतेकदा अडथळा तिथेच असतो.

भिंत केसाळ: पहिल्या हाताने रेशे उभे केलेत. वाळल्यावर १८० ने घासा, पुढचा हात गुळगुळीत बसेल. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिशने हे हटकून होतं.

चिंधीचे धागे चिकटलेत: वाळू द्या, चिमट्याने उपटा, घासा. ओलं असताना ओढलं तर लांब रेघ उमटते.

हे सगळं खऱ्या कामावर पहिल्यांदाच करून बघू नका. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यात त्याच मापाची तीन भोकं पाडा, एकाला एक हात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन द्या. वाळल्यावर भोकांच्या मधोमध करवत चालवून तुकडा उभा चिरा. आत काय झालंय ते डोळ्यांना दिसेल: तळाचा कोपरा, कोरडे राहिलेले पट्टे, तोंडाशी जमलेली कड.

आग आणि चिंध्या

स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइन तिन्ही पेटतात आणि त्यांची वाफ जमिनीलगत सरकते. त्याच खोलीत गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको, खिडक्या उघड्या. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. स्पिरिटमध्ये विष मिसळलेलं असतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

अळशीच्या तेलाच्या चिंध्या हा वेगळाच धोका. वाळताना तेल उष्णता सोडतं; चिंध्या चुरगाळून डब्यात टाकल्या की ती उष्णता साठते आणि काडी न लावता त्या पेटू शकतात. मे महिन्यात पत्र्याखाली तर जास्तच. काम संपल्याबरोबर त्या बादलीभर पाण्यात बुडवा, किंवा बाहेर सावलीत एकेक पसरून दगडाखाली दाबा. लाकडासारख्या कडक झाल्या की मगच कचऱ्यात. भोकांचे छोटे बोळे आणि वातीही यात धरा, त्या खिशात किंवा भुशाच्या ढिगात राहून जातात.